नानांचे अडकलेले वाचक

रविवार, चौदा डिसेंबर. चाळीस माणसांच्या भरताची वांगी निवडायची होती. भरताचं वांगं हातात घेतल्यावर दिसतं त्यापेक्षा हलकं लागलं पाहिजे. जड निघालं तर आत नुसत्या बिया. मी ओसरीत बसून एकेक वांगं तोलत होते. तेवढ्यात शेजारचे भास्कर नाना फाटक उघडून आत आले आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "ताई, पानावर पुरी वाढाल ना, तिच्या शेजारी एकेक चिठ्ठी. पेन्सिली मी आणतो."

मी वर बघून विचारलं, "चिठ्ठी खायची का?"

"अभिप्रायाला. तोंडी अभिप्राय मी घेत नाही."

हे खरं आहे. नाना तोंडी कौतुक घेत नाहीत. जगातला प्रत्येक नवा लेखक कुणी 'छान' म्हणावं म्हणून गल्लीच्या तोंडाशी उभा असतो. आमचे नाना 'छान' म्हणणाऱ्याला हात वर करून थांबवतात, खिशातून चिठ्ठी काढतात आणि म्हणतात, "लेखी द्या." कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं एकदा गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता 'मस्त' एवढंच लिहून दिलं. नानांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली आणि परत दिली. "तारीख, वेळ, सही?" त्या बिचाऱ्यानं घाबरून दुकानाचा शिक्कासुद्धा मारला.

नाना दीपनगरच्या वीज केंद्रात होते. सगळी नोकरी टर्बाईनजवळ काढली, निवृत्त झाल्यावर जळगावच्या पिंप्राळ्यात माझ्या भिंतीला भिंत लागून घर बांधलं. त्यांची बायको, आमच्या काकू, मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या, मग मुलीची नोकरी सुरू झाली म्हणून तिथंच राहिल्या. त्याला दीड-दोन वर्षं झाली. काकू गेल्या आणि नाना लेखक झाले. मी जेवणाच्या ऑर्डरी घेते. भरीत, शेवभाजी, खिचडी, जे म्हणाल ते. त्यामुळे नानांचा डबाही माझ्याकडूनच जातो आणि डब्याबरोबर परत येते ती गोष्ट. डबा धुतलेला नसला तर चालेल, गोष्ट वाचलेली पाहिजे, असा त्यांचा हिशोब. माझा हिशोब उलटा आहे, आणि ते मी त्यांना सांगितलं आहे. लेखी.

नोकरी संपली तरी वीज केंद्र नानांच्या डोक्यात चालूच आहे. त्यांच्या आठवड्याचे तीन भाग. सोमवार ते बुधवार निर्मिती. म्हणजे गोष्ट लिहायची. लिहिताना पायात कंपनीतले जाड बूट घालतात. का, तर म्हणे पाय सुरक्षित असले की मन मोकळं राहतं. गुरुवारी देखभाल-दुरुस्ती, त्या दिवशी विशेषणं काढून टाकतात आणि संध्याकाळी त्यातली निम्मी परत बसवतात. शुक्रवार-शनिवार वितरण. रविवारी वसुली, म्हणजे ज्यांनी गोष्ट ऐकून अभिप्राय दिला नाही त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं. आमच्या कॉलनीत अशा लोकांना 'थकबाकीदार' म्हणतात. माझे यजमान सध्या चार गोष्टींचे थकबाकीदार आहेत आणि रविवारी सकाळी मागच्या दारानं बाहेर पडतात.

खरी कला वितरणात. नानांचा सिद्धांत असा, की वाचक मिळवायचा नसतो, अडकलेला शोधायचा असतो. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेला माणूस उठून जात नाही. आधार केंद्राच्या रांगेतला नंबर सोडून जात नाही. त्यांची सगळ्यात आवडती जागा म्हणजे पिठाची गिरणी. ज्वारी दळायला पडली की पीठ मिळेपर्यंत बाई हलत नाही, तेवढ्यात नाना चालू गिरणीत खड्या आवाजात गोष्ट सुरू करतात. घरघर एवढी की शेजारचा शिंकला तरी कळू नये. पण नानांना त्या आवाजाचा काडीचा त्रास नाही. बायका पिठानं पांढऱ्या भुवया वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात. "काय एकाग्रता होती आज!" म्हणून नाना खूश.

मोबाईलवर त्यांचा एक ग्रुपही आहे. त्यातून कुणी बाहेर पडलं तर नाना चिडत नाहीत. शांतपणे म्हणतात, "वाचक ट्रिप झाला. थंड होऊ द्या, परत जोडू." आणि संध्याकाळी परत जोडतात. फोन मात्र उचलत नाहीत. "फोन आला की निर्मिती बंद पडते." कुंपणावरून हाका मारल्या तरी ओ देत नाहीत. निर्मिती चालू असेल, असं म्हणून आम्ही डबा पायरीवर ठेवून येतो.

आणि गोष्टी? गोष्टी बऱ्या असतात. मी वाचते आणि स्पष्ट सांगते. प्रत्येक गोष्टीत बॉयलर असतो. प्रेमकथेतसुद्धा नायक-नायिका बॉयलरच्या आडोशाला भेटतात. पण माणसं खरी वाटतात. त्यांच्या सवयी, त्यांचं चालणं, रागानं डबा आपटणं, सगळं डोळ्यासमोर येतं. एकच आहे, ती बोलत नाहीत. पानंच्या पानं उलटा, कुणी कुणाशी बोललंय असं सापडायचं नाही.

आता भरताचं. धुळ्याला एक वाचक मंडळ आहे. वर्षातून एकदा ते एका नवीन लेखकाला बोलावून पूर्ण संध्याकाळ देतात. भाडोत्री हॉल, खुर्च्या, माईक, स्वतःहून आलेली माणसं. नाना वर्षभर त्यांना गोष्टी पाठवत होते. शेवटी मंडळाच्या निकम सरांचा निरोप आला, की आम्ही सात-आठ जण येऊन एकदा ऐकतो, मग ठरवू. आणि एक अट. आमच्याकडे वाचनानंतर श्रोते प्रश्न विचारतात, लेखकानं समोर बसून उत्तरं द्यायची. ज्यांना ते जमत नाही त्यांना आम्ही बोलवत नाही.

हा निरोप वाचून नाना दोन दिवस बूट न घालता फिरले. तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. मग एकदम उत्साहानं आले. "ताई, भरीत पार्टी! तुमच्या भावाच्या शेतात. कपाशी निघालीये, जाळायला वाळक्या पऱ्हाट्या आयत्या आहेत. वांगी भाजायला वेळ लागतो. जेवल्याशिवाय जळगावात आलेला माणूस जातो का? तेवढ्यात गोष्ट होते. गोष्ट झाली की लगेच पानं वाढायची. तोंडात घास असला की प्रश्न कोण विचारतो?"

मी म्हटलं, "नाना, लोक लेखकाशी बोलायला मरतात आणि तुम्ही पळता. गर्व झाला का?"

"तसंच समजा," नाना म्हणाले. "पण भरीत तिखट करा. तिखट खाल्लं की माणूस गप्प बसतो."

तर रविवारी दुपारी आम्ही शेतात. चांगलं ऊन, पण वारा गार. मी पऱ्हाट्यांचा जाळ केला, तेल लावलेली वांगी त्यात सोडली. चाळीसेक माणसं सतरंज्यांवर बसली. कॉलनीतले होते, गिरणीतल्या दोन-तीन बायका होत्या (त्यांना प्रथमच गोष्ट ऐकू येणार होती), दीपनगरहून नानांचे जुने जोडीदार सपकाळे भाऊ आले होते. ते नानांबरोबर एकाच पाळीत होते, आता भुसावळला बुद्धविहाराचं काम बघतात. कमी बोलणारा, मोजका माणूस. धुळ्याची मंडळी जाळाच्या उबेला बसली, आणि निकम सर त्यांच्यात मधोमध, नाकातोंडावरून मफलर गुंडाळून. नाना खुर्चीवर, पाठ माझ्या जाळाकडे, अंगावर काकूंनी पुण्याहून पाठवलेली नवी शाल, पायात बूट.

गोष्ट होती एका ऑपरेटरची. विजेच्या तारांच्या आवारात होला पक्ष्याच्या जोडीनं घरटं केलेलं असतं आणि पिल्लं उडेपर्यंत हा माणूस त्या भागातली दुरुस्ती काही ना काही कारण काढून पुढं ढकलत राहतो. घरी बायको आहे, ती दार उघडते, ताट वाढते, खिडकीत उभी राहते. बोलत नाही. नाना चांगलं वाचत होते. मी वांगी उलटवता उलटवता ऐकत होते, आणि एक वांगं करपलंही, त्यावरून काय ते समजा.

तेवढ्यात पऱ्हाटी फुटली. ठिणगी उडाली ती थेट नानांच्या शालीवर.

आधी नुसता धूर. मी ओरडले, "नाना, शाल!" नाना वाचत राहिले. कॉलनीतली दोन-तीन माणसं अर्धवट उठून ओरडली, "नाना, मागं बघा, मागं!" धुळ्याच्या मंडळींतला एक म्हातारा उठून उभाच राहिला. "नानाऽ, शाल जळी ऱ्हायनी!" मग सगळेच एकदम ओरडायला लागले. नानांनी मान वर करून बघितलं. सगळे त्यांच्याकडे बघून हात हलवताहेत, काही उभे राहिलेत. नानांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगू. त्यांनी हात वर केला आणि नम्रपणे म्हणाले, "थांबा, थांबा. शेवट अजून व्हायचाय."

लोकांना हसू आवरेना. "अय आय, कितला रंगना हाऊ माणूस!" धुळ्याचे बाबा म्हणाले. नाना परत वाचायला लागले. शाल आता चांगली धुमसत होती. मी पाण्याची बादली उचलली. पण त्याआधी सपकाळे भाऊ उठले. ओरडले नाहीत. नानांच्या बरोबर समोर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात छातीपुढे फुली केल्यासारखे धरले.

नाना शब्दाच्या मधोमध थांबले. पुढचं अक्षरसुद्धा बाहेर आलं नाही. तेवढ्यात मी पाणी ओतलं.

शालीचं एक टोक गेलं, नाना ओले झाले, बाकी काही नाही. मी त्यांना माझ्या भावाचं घोंगडं पांघरायला दिलं, नाना म्हणाले, "वातावरणनिर्मिती," आणि राहिलेली गोष्ट वाचायला बसले. मी सपकाळे भाऊंना वांगी सोलायच्या निमित्तानं बाजूला घेतलं.

"भाऊ, ती फुली काय होती?"

"मशीन बंद करा. टर्बाईनपाशी बोलून काही कळत नाही, ताई. तिथं सगळं हातानं आणि ओठांवरून."

"आणि नानांना चाळीस माणसं ओरडलेली कळली नाहीत."

भाऊंनी वांग्याचं साल ओढून काढलं. "आमच्या सगळ्यांचे कान थोडे थोडे गेलेत. भास्करचे जास्त गेले. समोरचा तोंड दाखवून एकेक बोलला तर त्याला सगळं समजतं. घोळक्यात नाही समजत."

"मग सांगत का नाही?"

"लेखक झाल्यापासून अजिबातच नाही सांगत. म्हणतो, लोक गोष्ट ऐकायच्या ऐवजी माझ्या कानात बघतील."

मला सगळं एका दमात उलगडलं. गिरणी, फोन, चिठ्ठ्या. मी हात पुसले. अशा वेळी मला वाईट वगैरे नंतर वाटतं, आधी काय करायचं ते सुचतं.

गोष्ट संपली. पिल्लं उडाली. टाळ्या चांगल्या वाजल्या. नानांनी ठरल्याप्रमाणे माझ्याकडे बघून पानं वाढायची खूण केली. मी वाढली नाहीत. तिकडे निकम सर मफलरमधून काहीतरी बोलायला लागले. नाना हसले आणि म्हणाले, "प्रतिक्रिया लेखी द्याव्यात, चिठ्ठ्या आहेत."

निकम सरांची कपाळपट्टी आक्रसली. "आम्ही आधीच कळवलं होतं," ते शेजारच्याला म्हणाले. "उत्तरं द्यायची नसतील तर मग..." आणि त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

मी पळी हातात घेऊनच मध्ये गेले. "निकम सर, उठा आधी तिथून. धूर तिकडेच येतोय, मग धुळ्याला जाऊन खोकत बसाल. इकडे या, नानांच्या समोर. उन्हाकडे तोंड करून. आणि तो मफलर काढा, मफलर घालून माझं भरीत कसं खाणार?"

"अहो, पण मी प्रश्न..."

"प्रश्नच विचारा. पण असा समोर बसून. बाकीच्यांनी पण एकेकानं इथं यायचं, बसायचं, विचारायचं आणि उठायचं. रांगेनं. घास तोंडात घेऊन कुणी बोलायचं नाही. सगळ्यांचे प्रश्न झाले की पानं."

"हे काय नवीनच?" गर्दीतून आवाज आला. माझे यजमान होते.

"भरीत माझं आहे," मी म्हटलं. भुकेली माणसं फार लवकर रांगेत उभी राहतात.

नानांनी माझ्याकडे बघितलं. घोंगडं नीट केलं आणि निकम सरांच्या तोंडाकडे डोळे लावून बसले.

निकम सर समोर बसले, मफलरची घडी करून मांडीवर ठेवली. "नाना, गोष्ट आवडली. पण तुमच्या एकाही गोष्टीत माणसं बोलत नाहीत. या गोष्टीतली बायको तर एक शब्द बोलत नाही. का?"

सपकाळे भाऊंच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. नानांनी हातातल्या पानांची घडी केली.

"ती बोलते," मग म्हणाले. "पुष्कळ बोलते. त्याला ऐकू येत नाही, एवढंच."

"वा!" निकम सर मांडीवर हात मारून मागे वळले. "ऐकलंत? किती खोल आहे हे! आधुनिक माणसाचं..." पुढचं मी ऐकलं नाही, मला ठेचलेल्या वांग्यांवर फोडणी घालायची होती. पण नाना त्यानंतर असे खुलले की विचारू नका. धुळ्याचे बाबा समोर बसले, "कथा भारी शे, पन त्या होलानं पुढं काय व्हयनं?" म्हणाले, नानांनी होल्याच्या पुढच्या तीन पिढ्या सांगितल्या. गिरणीतल्या बाईनं विचारलं, "नाना, बॉयलर नसलेली गोष्ट नाही का तुमच्याकडे?" नानांनी उत्तर दिलं, "बघू, देखभालीसाठी बंद ठेवून बघतो." भरीत तिखट झालं होतं तरी कुणी गप्प बसलं नाही. पानावरच्या कोऱ्या चिठ्ठ्यांना लोकांनी हात पुसले. निघताना निकम सरांनी फेब्रुवारीतली संध्याकाळ नक्की केली आणि स्वतःच म्हणाले, "तिथंही प्रश्न विचारणाऱ्याला असंच समोर खुर्ची देऊन बसवू. पद्धत फार चांगली आहे तुमची."

ऊन उतरल्यावर मी पातेली घासत होते. नाना आले, समोरच्या दगडावर बसले. मी हात थांबवला आणि तोंड त्यांच्याकडे केलं.

"सपकाळ्या बोलला ना?"

"शालीनं सांगितलं."

ते हसले. मग बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले. "गप्पांत चार माणसं बोलतात, ताई. मी एकाकडे बघतो तोवर दुसरा बोलून मोकळा होतो. लोक हसले की मी हसतो. मला वाटलं, आपणच बोलावं. गोष्ट वाचताना दुसरं कुणी बोलत नाही."

"काकूंना माहीत आहे?"

"थोडं. ती मेसेज पाठवते." त्यांनी मोबाईल काढला, पण उघडला नाही. "नात बोलायला लागलीये. काल तिनं लिहिलं, 'आज छकुली तुमच्या फोटोला नाना म्हणाली.' मी म्हटलं, व्हिडिओ लाव. लावला. पण ती पोरगी एका जागी तोंड ठेवते का? नुसती पळते. मला दिसलंच नाही."

मी पातेलं राखेनं घासलं, विसळलं, पालथं घातलं. गाडीत सामान भरताना नाना माझ्यापेक्षा जास्त उचलायला बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा पायरीवर ठेवला नाही. सरळ आत गेले. नाना टेबलाशी बसले होते, बूट घालून. मी टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिले.

"चला. कानाच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय."

"आज सोमवार आहे. निर्मिती."

"पाळी बदलून घ्या."

"कानात मशीन लावलं की लोकांना दिसेल, ताई."

"दिसू द्या. माईक लावलेला दिसतोच ना? चला, मला दुपारी पंचवीस डबे आहेत."

नाना पेनाला टोपण लावून उठले. मी स्कूटर काढली, ते मागे बसले. मग रस्त्याला लागल्यावर त्यांनी नवीन गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्यात एक म्हातारा होता, रेल्वेचा डबा होता आणि कुणाच्या तरी कडेवरून उतरून पळणारी एक लहान मुलगी होती. बॉयलर अजून आला नव्हता. ट्रक आडवे येत होते, वारा कानांत भरत होता, मला अर्धंच ऐकू येत होतं. स्कूटर चालवताना मला बोलून उपयोग नव्हता, मागून त्यांना माझं तोंड दिसणार नव्हतं.

सिग्नलला थांबले. पाय टेकला, मान पूर्ण मागे वळवली आणि विचारलं, "मग? पुढं काय म्हणाली ती मुलगी?"